बैठकीची शोभा व तीत न बसण्याचे नियम

घराची शोभा घरात राहणाऱ्या माणसांमुळे बिघडते, हे सत्य आता सगळ्या सुधारलेल्या जगाने मान्य केले आहे. माणूस बसतो, त्यामुळे बसायची जागा चुरगळते. जेवतो, त्यामुळे सांडते. आणि दमून आला की भिंतीला डोके टेकतो, त्याचा तेलकट डाग पुढे नातवंडांनाही पुसता येत नाही. आमच्या आसेगावाला हे सत्य जरा उशिराच, म्हणजे एकोणीसशे चौतीसच्या सुमारास कळले. ते कळवण्याचे सर्व श्रेय नानाजींचे आहे, आणि ते त्यांना कोणी दिले नसल्यामुळे मी येथे देत आहे.

त्याआधी आमच्या शोभेच्या कल्पना फारच मागासलेल्या होत्या. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत घराची पुढची खोली, म्हणजे बैठक, कापसाने भरलेली असावी, एवढेच आम्हाला ठाऊक. वेचलेला कापूस बैठकीत टाकायचा, पायांनी तुडवायचा, त्यावर आणखी टाकायचा. ढीग आढ्याला लागला की घर शोभिवंत झाले. दार उघडताच थोडा कापूस बाहेर येई, आणि तो आत लोटण्याची कोणी घाई करत नसे (येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला नको का?). ज्याची बैठक माघ महिन्यात रिकामी, त्याचे पीक बुडाले असे गाव समजे आणि त्याच्याशी हळू आवाजात बोले. सोयरीक पाहायला आलेली माणसे मुलीचे तोंड नंतर पाहत. आधी दारातून डोके घालून ढीग पाहत. पाहुण्यालाही त्याच ढिगावर बसवत. तो कमरेपर्यंत आत जाई, त्याच्या अंगाला खाज सुटे, आणि दुसऱ्याने हात दिल्याशिवाय त्याला उठता येत नसे. त्यामुळे आमच्याकडे पाहुणे भरपूर वेळ बसत, एवढा एकच त्या पद्धतीचा फायदा.

आमचे शेजारी जगदेवराव हे या जुन्या वळणाचे गृहस्थ. त्यांची मुलगी चंदा लग्नाची झाली होती आणि तिच्या दोन सोयरिकी मोडल्या होत्या. पहिली पत्रिकेवरून मोडली. दुसरी मोडली ती मुलाच्या चुलत्याला दिलेल्या पानात कात कमी पडला म्हणून. आता तिसरी चालून आली होती, मालेगावच्या अलीकडच्या एका गावाहून. शालिग्राम पाटलांचा मुलगा पुंजाजी. घरची बागाईत, विहिरीला बारमाही पाणी. या पुंजाजीला चंदाने एकदा तिच्या मैत्रिणीच्या लग्नात पाहिले होते. सगळे वऱ्हाड जेवणाच्या पंगतीकडे धावत असताना हा एकटा आधी बैलांना पाणी दाखवत उभा होता. चंदा यावर कोणाशी काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून तिच्या मनात दुसरा कोणी नव्हता आणि तिच्या आईला, तुळसाबाईंना, ते न सांगता कळले होते. ही सोयरीक मोडली असती तर ती पोर आतून मोडली असती, हे मी शेजारी म्हणून लिहून ठेवतो.

अशा नाजूक वेळी नानाजी मदतीला धावले. नानाजी म्हणजे तुळसाबाईंचे धाकटे भाऊ, कारंज्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, कारकून. कापूस दाबणाऱ्या साहेबाच्या बंगल्यात ते एकदा कागदावर सही घ्यायला गेले होते आणि दारातून त्यांना आतली खोली दिसली होती. तेवढ्या दर्शनावर त्यांनी शोभेचे संपूर्ण शास्त्र बसवले. दोन्ही सोयरिकी पत्रिकेने किंवा काताने मोडल्या नसून बैठकीने मोडल्या, असा त्यांचा निष्कर्ष होता. (पत्रिका ज्या घरी जुळत नाही त्या घरी खुर्चीही नसते, हे त्यांनी स्वतः पाहिले होते.) त्यांनी ओसरीवर उभे राहून शोभेचे नियम जाहीर केले, ते असे:

पहिला, जी वस्तू उपयोगी पडते ती शोभेची नव्हे.
दुसरा, शोभेची वस्तू उपयोगी पडू लागल्यास ती झाकून ठेवावी.
तिसरा, झाकण शोभिवंत असल्यास त्यावर दुसरे झाकण घालावे.
चौथा, शोभेच्या खोलीत शेतीचा विषय काढू नये.

पाचवा नियम त्यांना आठवत नव्हता, पण साहेबाच्या बंगल्यात पाचच असणार याची त्यांना खात्री होती.

"नाना, माघात बैठक रिकामी करतं?" तुळसाबाई म्हणाल्या. "लोक काय म्हनतीन? पीक गेलं म्हनतीन."

"बाई, लोक नुसते पाहून राह्यतीन," नानाजी म्हणाले. "तोंडातून शबद निंगनार नाई त्याईच्या."

हे भाकीत पुढे अक्षरशः खरे ठरले.

कारंज्याहून सामान आले. वेताच्या खुर्च्या, एक गोल टेबल, टेबलावर घालायचे कापड, त्या कापडावर घालायचे कापड, एक उभा आरसा, छताला टांगायची काचेची हंडी, आणि एक भिंतीवरचे घड्याळ. घड्याळ बंद होते. चालू घड्याळ वेळ सांगते, म्हणजे उपयोगी पडते, म्हणजे पहिल्या नियमाचा भंग होतो. तेव्हा बंदच घड्याळ मिळाले हे योग्य झाले. शिवाय एक तसबीर होती. तीत बर्फाचा डोंगर, खाली तळे आणि तळ्यात एक रिकामी होडी. तुळसाबाईंनी ती बराच वेळ पाहिली आणि विचारले, "इतक्या पान्यात गव्हान कोनं नेऊन ठेवली?" नानाजींनी त्यांना बैठकीत बोलण्याची मनाई केली.

आता कापसाची व्यवस्था. कापूस गोठ्यात हलवला. परंतु बैल सरकीसकट कापूस खातात, आणि आवडीने खातात. तेव्हा बैल गोठ्यातून हलवून माझ्या ओसरीवर बांधले. (माझी त्याला हरकत नव्हती. माझ्या बायकोची हरकत येथे छापण्याजोगी नाही.) बैठकीतली औते, दोरखंड, बियाण्याची पोती माजघरात गेली, त्यामुळे माजघरात माणसाला जागा उरली नाही. आणि बैठकीत तर बसायचे नव्हतेच. म्हणून जगदेवरावांचे कुटुंब कापसापाठोपाठ गोठ्यात राहायला गेले. म्हणजे खुर्च्यांनी कापूस हलवला, कापसाने बैल हलवले, बैलांनी मला हलवले, आणि घरात फक्त शोभा राहिली. सुधारणा इतक्या शिस्तीने पुढे सरकताना मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

खुर्चीवर बसण्याची तालीमही झाली. जगदेवराव सवयीप्रमाणे मांडी घालून बसले आणि खुर्चीसकट मागे गेले. तेव्हा नानाजींनी पाय खाली सोडायला सांगितले. पाय खाली सोडले की जगदेवरावांना मुंग्या येत, आणि मुंग्या आल्या की त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचे गांभीर्य येई. नानाजींच्या मते ते खोलीला साजेसे होते.

ठरल्या दिवशी पाहुण्यांची दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, दारात थांबली. शालिग्राम पाटील उतरले आणि त्यांच्यामागून त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई उतरल्या. मुलगी पाहायला बायकांनी जाण्याची तेव्हा रीत नव्हती. पण नवऱ्याच्या नजरेवर मनकर्णाबाईंचा भरवसा नव्हता. दोघांनी दारातून डोके आत घातले. कापूस नाही. शालिग्रामजींनी दाराच्या मागे पाहिले. मनकर्णाबाईंनी टेबलाखाली पाहिले. मग दोघे खुर्च्यांवर बसले आणि दोघांचा आवाज हळू झाला.

"औंदा पाऊस कसा राह्यला तुमच्याकडं?" शालिग्रामजींनी विचारले.

जगदेवरावांनी नानाजींकडे पाहिले. नानाजींनी डोळ्यांनी चौथा नियम दाखवला.

"हे घड्याळ पाह्यलं का तुमी?" जगदेवराव म्हणाले.

"पाह्यलं. बंद हाये."

"हो ना! बंदच हाये," जगदेवराव अभिमानाने म्हणाले.

"आन कापूस?"

"थे तसबीर पाहा ना. लय दुरून आनली."

शालिग्रामजींनी तसबीर पाहिली. त्यांना सगळे समजले. चांगला शेतकरी, एका सालात घर धुऊन निघाले, वर त्याच्या डोक्यावरही परिणाम झाला. ते पुढे झुकले आणि जगदेवरावांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "होते बाप्पा असं. वरच्याच्या हाती असते. हिंमत सोडू नोका."

जगदेवरावांना ही तसबिरीची तारीफ वाटली. ते म्हणाले, "सगळी नानाजीची कृपा."

शालिग्रामजींनी नानाजींकडे पाहिले. ती नजर काही चांगली नव्हती.

चंदा चहा घेऊन आली. मनकर्णाबाईंनी तिला नाव विचारले नाही, स्वयंपाक विचारला नाही, चालून दाखव म्हटले नाही. फक्त तिच्याकडे मायेने पाहिले आणि मान हलवली. नकार देणाऱ्या बाया अशाच मायेने पाहतात, हे चंदाला दोन अनुभवांनी ठाऊक होते. तेवढ्यात शालिग्रामजी म्हणाले, "ठीक हाये पाटील. घरी जाऊन कळवतो."

आमच्या भागात होकार असेल तर माणूस जागच्या जागी गूळ मागतो. घरी जाऊन फक्त नकार कळवतात. चंदाचे डोळे भरून आले. बैठकीत इतकी शोभा असूनही रडायला तीत जागा नव्हती. मग तिने डोळे पुसले, आणि मनकर्णाबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"मावशी, दमनीत कंबर धरली असन तुमची. जराशा मांगं चाला. पाठ टेका."

"मांगं कायले?" नानाजी उठलेच. "खुर्ची हाये ना!"

"मामा," चंदा म्हणाली, "खुर्ची पाह्याले हाये."

मनकर्णाबाईंची कंबर खरोखरच धरली होती. त्या निमूटपणे तिच्या मागे गेल्या. चंदाने गोठ्याचे दार लोटले. आत आढ्यापर्यंत कापूस, पांढराशुभ्र, आणि त्यात कमरेपर्यंत बुडालेल्या तुळसाबाई. मुलीकडची बाई पाहुण्यांना गोठ्यात सापडली, या लाजेने त्यांनी पदर तोंडावर ओढला.

"अवं माय!" मनकर्णाबाई म्हणाल्या. "इतका?"

"जागाच पुरली नाई बाई औंदा," तुळसाबाई पदराआडून पुटपुटल्या.

मनकर्णाबाई ढिगावर बसल्या. हळूहळू आत गेल्या. "हाश्श!" म्हणाल्या, आणि मग घरभर ऐकू जाईल अशा आवाजात, "अवो! अठी या अठी! तठी काय करून राह्यले?"

शालिग्रामजी आले. त्यांनी मूठभर कापूस उचलला, दोन बोटांत धागा ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला, आणि एक शब्दही न बोलता बायकोशेजारी बसले. जगदेवराव पाहुण्यांना सोडवायला आले, तेही आत गेले. एकदा तिघे-चौघे असे अडकल्यावर दुसरे करण्यासारखे काही नसते. पावसाचा विषय निघाला, सरकीचा निघाला, विहिरीचे पाणी निघाले, दोन्ही घरचे कोण कोठे नातेवाईक ते निघाले. दिवस कलला तेव्हा शालिग्रामजींनी अंग खाजवत गूळ मागितला. चंदाने तो आणला, आणि आणताना तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. दोन्ही बापांना वर ओढून काढायला मला बोलावण्यात आले. माझे कापसाशी इतके जवळचे संबंध आता उरले नव्हते. मी बैलांजवळून आलो होतो.

या सर्व वेळात नानाजी बैठकीत एकटे होते. खुर्चीवर बसवेना म्हणून ते शेवटी जमिनीवर, टेबलाच्या आड, भिंतीला टेकून बसले. परंतु त्यांची बुद्धी स्वस्थ नव्हती. सोयरीक जुळली हे ऐकताच त्यांनी निकाल दिला: आधीच्या दोन वेळी बैठक नव्हती, सोयरीक मोडली, या वेळी बैठक होती, सोयरीक जुळली. यात चूक काढून दाखवा. गावातल्या कोणालाही ती काढता आली नाही. पुढल्या सुगीपर्यंत आसेगावात ज्याच्या त्याच्या बैठकीत खुर्च्या, हंडी आणि बंद घड्याळ आले (चालू मिळाल्यास किल्ली देत नसत), आणि ज्याचा त्याचा कापूस मागच्या दाराने गेला. सोयरीक पाहायला आलेले पाहुणे हल्ली बैठकीतून सरळ चालत गोठ्यात जातात. बैठक रिकामी आहे याची खात्री करण्यापुरतेच तिथे थांबतात.

लग्नानंतर चंदा संक्रांतीला माहेरी आली. तुळसाबाईंनी आईच्या काळजीने विचारले, "सासरी बसा-उठाले चांगली जागा हाये ना माय?"

"मामंजीनं नवी बैठक केली," चंदा म्हणाली. "आपल्यासारखीच. थे म्हने, जो मानूस एक खोली नुसती पाह्याले ठेवते, तो किती मोठा असन."

"आन तुमी दोघं?"

चंदा लाजली. कोपर खाजवत हसली आणि म्हणाली, "आमी बसतो ना, गोठ्यात."

माझ्या घरीही आता बैठक झाली आहे. हे मी गोठ्यात बसून लिहितो आहे; येथे उजेड कमी असला तरी पाठीला आराम आहे. वाचकहो, आपणही हे वाचायला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, जुन्या ट्रंकेवर किंवा मागच्या बाजेवर बसला असाल, तर उगाच संकोचून उठू नका. तिथेच बसा. फक्त जाता जाता एकदा पुढे डोकावून पाहा, आपल्या बैठकीत कोणी बसलेले तर नाही ना.