डबीला नमस्कार

"वाद्याला पाय लागला, की बोटं रुसतात बघ."

वडिलांना, अप्पांना, जाऊन कैक वर्षं लोटली, पण उमाशंकरच्या कानात त्यांचा हा आवाज अजून ओला होता. आज त्यानंच घोटाळा केला.

नळदुर्गच्या घरात, ओसरीवर, उमाशंकरनं एका फळीवर तीन डब्या चिकटवल्या होत्या. एक सूर घुमवणारी, एक प्रतिध्वनी देणारी, एक सुराला लाटेवर झुलवणारी. सिंथेसायझरची वायर पहिलीत, पहिलीची दुसरीत, शेवटची स्पीकरला. डब्यांचा क्रम बदलला की तोच सूर कधी विहिरीतून यायचा, कधी डोंगरापल्याडून. सकाळपासून तो नुसता वायरी उपटून खोचत होता, कान देऊन हसत होता. पण डबी चालू करायची ती पायानं दाबून.

"पायानं?" शेंगा फोडता फोडता आई चन्नम्मा म्हणाली. "बघ बाबा."

फळी टेबलावर घेतली, तर वाजवायला हात पुरेनात. खाली ठेवून चप्पल काढली, तरी मन मानेना. पाय धुऊन आला, तर ओला पाय घसरून तिन्ही डब्या एकदम दबल्या आणि शेजारची म्हैस दावं तोडायला बघू लागली. शेवटी तोडगा निघाला: पायानं दाबायचं, लगेच वाकून डबीला शिवायचं, हात कपाळाला लावायचा.

संध्याकाळी ऑर्केस्ट्रावाले रणधीरराव ऐकायला आले. पसंत पडलं तर लग्नसराईभर काम.

उमाशंकरनं डबी दाबली, वाकला, नमस्कार केला. तेवढे सूर हातून सुटले, पण प्रतिध्वनीनं मागचे सूर म्हणत वेळ मारून नेली. तिसऱ्यांदा वाकताना मात्र कपाळच पट्ट्यांवर आपटलं. तो सूरही डबीनं पुन्हा पुन्हा, लांब लांब जात ऐकवला.

"हात गोड हाय तुमचा," रणधीरराव म्हणाले. "पण स्टेजवर असं वाकाय लागलात तर लोक म्हणतील, उस्तादाच्या पोटात कळ आली. तेवढं सोडा, काम तुमचं."

"ते सुटायचं न्हाय. अप्पांचा शब्द हाय."

रणधीररावांनी चहा संपवला आणि चपला पायात सरकवल्या. चन्नम्मानं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"थांबा वो जरा. उमा, तू व्हायच्या आधी अप्पा पायपेटी वाजवायचे. भाता पायानंच हाणायचे. तू बारका असताना रियाज चुकवायला हातपेटीला लाथ मारून पळायचास, म्हणून तुला धाक घातला व्हता त्यांनी."

उमाशंकर आईकडे वळला. "मग इतकी वर्षं बोलली का न्हाईस?"

"त्यांचं तेवढं एकच ऐकत व्हतास," ती म्हणाली. "म्हणलं, ऱ्हाऊ दे."