वानखेडे काकांचा नांगर

वानखेडे काकांच्या हातात छापलेला कागद आला की ते मजकूर वाचत नाहीत. आधी फोटो बघतात. फोटोतला माणूस नव्हे, फोटोची जागा. मागे आमच्या ओळखीतले एक आजोबा गेले. तेराव्याला त्यांच्या मुलाने श्रद्धांजलीचा कागद सगळ्यांना वाटला. लोक डोळे पुसत होते. काकांनी कागद उजेडात धरला, तिरका केला आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "बाबांचा फोटो सरकला आहे. तुझा नांगर खालच्या परिच्छेदात असंल." मुलाला काहीच कळलं नाही, तो आणखी रडायला लागला. मी काकांच्या शेजारीच बसले होते. चप्पल शोधायचं निमित्त करून बाहेर निघून गेले.

काका मूळचे वर्ध्याचे. ते आणि माझे बाबा रेल्वेत एकाच ऑफिसात होते. दोघांची जयपूरला बदली झाली आणि निवृत्तीनंतर दोघं इथंच राहिले. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीचे लांब पळाले. काका वर्ड शिकले आणि त्यातच अडकले. त्यांचं म्हणणं असं की अक्षरं गरीब असतात, सांगितलं तिथे बसतात. फोटोचं तसं नाही. मोकळा सोडला की तो जहाजासारखा कुठल्या तरी परिच्छेदाला नांगर टाकतो, मग परिच्छेद जाईल तिथे फोटो जातो. "आमच्या गावी नांगर बैलाच्या मागं असते, इथं फोटोच्या मागं," हे ते प्रत्येकाला एकदा तरी ऐकवतात. राजा पार्कच्या दुकानात कचोरीची प्लेट पुढ्यात आली तरी कचोरी इकडून तिकडे सरकवून ते वेटरला नांगर समजावतात. तो बिचारा "जी अंकल, जी अंकल" करत राहतो आणि मी मेनूत तोंड खुपसते.

जयपुरातल्या मराठी घरांतल्या लग्नाळू मुलामुलींचे बायोडेटा काकाच करून देतात, हौसेने. माझा नंबर आला तेव्हा मी गोपालपुऱ्यात एका कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवत होते आणि मला लग्नाची मुळीच घाई नव्हती. आईला होती. मी काकांना एवढंच सुचवलं की निदान पीडीएफ करून पाठवा, म्हणजे काही हलणार नाही. त्यांना ते लागलं. ज्याचा स्वतःच्या नांगरावर भरवसा नाही तोच पीडीएफ करतो, असं ते बाबांना म्हणाले. फाइल कोटा शहरातल्या एका घरी गेली, तशीच, वर्डमध्ये.

ती माणसं रविवारी बघायला आली. मुलगा, त्याची बहीण, आईवडील. वडीलधारे म्हणून काकांनाही बोलावलं होतं. ते नवीन शर्ट घालून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. मी पोहे घेऊन आले. मुलाच्या आईने माझ्याकडे पाहून छान हसून घेतलं आणि मग माझ्या मागे, दाराकडे पाहिलं. शेवटी तिने माझ्या आईला विचारलं, "आणि मुलगी?"

आई म्हणाली, "हीच."

बाईंनी गोंधळून मोबाइल पुढे केला. नाव माझं, शिक्षण माझं, उंचीसुद्धा माझी. फोटो दुसरीचा. पिवळी ओढणी घेतलेली, माझ्यापेक्षा चांगलीच देखणी मुलगी. माझा फोटो दुसऱ्या पानावर जाऊन 'अपेक्षा' या शब्दाच्या डोक्यावर बसला होता. ट्रे कुठे ठेवावा ते मला सुचेना.

काका उठून आले, मोबाइल हातात घेतला आणि समजावू लागले. फोनमध्ये अक्षर वेगळं असतं, ओळी वाढतात, खालचा परिच्छेद दुसऱ्या पानावर ढकलला जातो आणि त्याच्याबरोबर फोटोही. मुलाच्या बहिणीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं की मग त्याच्या खालून निघाला तो फोटो कोणाचा.

काकांनी मोबाइल बाईंना परत दिला. आई, बाबा आणि मला माहीतच होतं, पण बोलायचं कोणी?

"माझी मुलगी आहे," ते म्हणाले.

मुलाच्या आईने अगदी सरळ मनाने विचारलं की तिचं बघताय का. मी ट्रे धरून तिथेच उभी होते.

"नाही," काका म्हणाले. "तिनं मनाई केली आहे मला."

पाहुण्यांनी पोहे संपवले आणि ते गेले. त्यांच्याकडून पुन्हा काही आलं नाही.

काकांची मुलगी स्नेहलताई पुण्यात नोकरी करते. काका तिचा बायोडेटा वाटत सुटले होते तेव्हा एक कुटुंब न सांगता थेट तिच्या ऑफिसात जाऊन बसलं. सगळ्यांसमोर शोभा झाली. तेव्हापासून ती फोनवर फक्त काकूंशी बोलते. काका लोकांना सांगतात की तिला फार काम असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लॅपटॉप घेऊन आले. आत येईनात, चपलांच्या रॅकजवळच उभे राहिले. मी हात धरून आणलं तेव्हा बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले की ताईने तिच्या बायोडेटाची फाइल पुसायला सांगितली होती, आणि पुसली असं त्यांनी तिला कळवलंही होतं. पण जुना कॉम्प्युटर बिघडला त्यात तिचे बाकी सगळे फोटो गेले, हा एवढा पेनड्राइव्हवरच्या फाइलमध्ये राहिला. म्हणून त्याच फाइलवर नवीन बायोडेटा करताना ते तिचा फोटो काढून टाकत नसत, दुसऱ्याचा वर ठेवत.

"मतलब, सगळ्या मुलींच्या खाली ताई आहे?" मी विचारलं.

"पोरांच्याही," काका म्हणाले.

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. त्यांचा चेहरा कालपेक्षा उतरलेला होता. आता तू पुस, माझ्याच्यानं होत नाही, असं म्हणून त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

मी पुसलं नाही. ताईला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि काल घडलं ते सगळं सांगितलं. काका समोर बसलेत हेही सांगितलं. काका टीपॉयच्या काचेकडे बघत होते.

"कोणता फोटो?" तिने विचारलं.

"पिवळ्या ओढणीचा."

"कॉलेजच्या फेअरवेलचा," ती म्हणाली. "माझ्याकडे नाही तो. पाठव. आणि वर्डमध्ये नको म्हणावं, नुसता फोटो."

काकांनी मला विचारलं, नुसता काढता येतो का? इतकी वर्षं फोटो आत बसवणाऱ्या माणसाला तो बाहेर कसा काढतात ते ठाऊकच नव्हतं. मी दाखवलं. बटण त्यांनीच दाबलं, त्यांच्याच फोनवरून पाठवला. थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं, 'मिळाला.' त्याखाली दुसरी ओळ आली: 'बाबा, ऑपरेशन झालं तो डोळा कसा आहे आता?'

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि एका बोटाने उत्तर लिहायला घेतलं. लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत. तेवढ्यात त्यांचा फोनच वाजला. त्यांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं.

मी चहा ठेवायला आत गेले, आणि चहा झाला तरी बराच वेळ आतच थांबले.