रिकामा डबा

शांताक्कांच्या पत्राला हिंमतरावांनी उत्तर दिलं नव्हतं. म्हणजे लिहिलं होतं, बऱ्याचदा. पण ते टेबलाच्या खणापुढं कधी गेलं नाही! पत्र दोन ओळींचं: ‘भाऊजी, ह्यांची गाडी अंगणात उभी आहे. भंगारवाल्याचा हात लागण्याआधी तुमच्या गाडीला काय लागेल ते काढून घ्या.’

हिंमतराव आणि त्यांचा मित्र गुंडाप्पा, दोघांनी एकाच दिवशी एकसारख्या पांढऱ्या अँबॅसिडर घेतल्या होत्या. गुंडाप्पा गेला, आणि त्याच्या बायकोला काय लिहावं हेच हिंमतरावांना सुचेना. जन्मभर कॉलेजचं ग्रंथालय सांभाळलेला माणूस. दुसऱ्यांचे शब्द कपाटात लावण्यात हयात गेलेली. ‘घेतो’ लिहावं तर गिधाडासारखं वाटे, ‘नको’ लिहावं तर तुसड्यासारखं.

आणि मग एके सकाळी नळदुर्गात त्यांचीच गाडी बंद पडली. हिंमतरावांनी गाडीचं जाडजूड पुस्तक काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच छाती फुगवून मेकॅनिक नंदीशला सांगितलं, “इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा कंट्रोलचा डबा गेलाय! गुंडाप्पाचा काढायचा, माझ्यात बसवायचा. चहा थंड व्हायच्या आत काम!”

“काका, पुस्तक वाचून पवायला येतं व्हय?”

“पाणी किती खोल ते तरी कळतं!”

नंदीशच्या पिकअपला दोर बांधून गाडी गुंडाप्पाच्या घरी, अणदूरला निघाली. वाटेत लोक बघत होते आणि स्टिअरिंगमागं हिंमतराव नवरदेवासारखे अंग चोरून बसले होते.

शांताक्का दारातच होत्या. “या भाऊजी. पत्र पोचलं म्हणायचं!”

“ते उत्तर... म्हणजे मी...” हिंमतराव चपला काढायला खाली वाकले. “पाणी मिळेल का?”

नंदीशनं डॅशबोर्डखालून गुंडाप्पाचा डबा काढून हिंमतरावांच्या गाडीत बसवला. गुंडाप्पाच्या गाडीतल्या त्या रिकाम्या जागेकडं हिंमतरावांना बघवेना. शेजाऱ्याकडून भाजी आली तर डबा रिकामा परत करायचा नाही, निदान साखरेची चिमूट तरी घालायची, ही आईची शिकवण!

“नंदीश, माझा बिघडलेला डबा तिथं बसव.”

“बिघडलेला? कशाला?”

“रिकामं बरं दिसत नाही.”

नंदीशनं कपाळावर हात मारला, पण बसवला. मग हिंमतरावांच्या गाडीची किल्ली फिरवली. खर्रर्र... गप्प! पुन्हा फिरवली. गप्प! हिंमतरावांची छाती फुग्यासारखी बसली.

“आता आमच्याबी गाडीची फिरवून बघा की,” शांताक्का म्हणाल्या. “तिला कुणी इचारतच न्हाय.”

बॅटरी उचलून तिकडं लावली, कॅनमधलं ताजं पेट्रोल ओतलं, किल्ली फिरवली. आणि गुंडाप्पाची गाडी अशी गरजली की बॉनेटवरच्या कोंबड्या थेट पत्र्यावर! अंगणभर धूर झाला.

“आयला!” नंदीश ओरडला. “काका, तुमचा डबा ठणठणीत हाय! सडलेला ह्यांचा हुता! आता तो तुमच्या गाडीत, आन् तुमच्या गाडीचं मूळचं दुखणंबी तिथंच. दोन्ही गाड्यांचे आजार एका गाडीत गोळा केले तुमी! थांबा, काढतो परत.”

हिंमतरावांनी वळून पाहिलं. पीठ लागलेले हात तसेच घेऊन शांताक्का पुढच्या डाव्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. त्यांची नेहमीची जागा. डोळे मिटलेले, आणि कान इंजिनाकडं.

“नको,” हिंमतराव हळूच म्हणाले. “राहू दे.”

“भाऊजी,” आतून आवाज आला, “खंडोबापतुर न्या. ह्यांच्या माघारी गेलेच न्हाय मी.”

दर्शन झालं. परत गाडीत बसताना हिंमतरावांना पोस्टाची लाल पेटी दिसली. कित्येक महिने खिशात फिरवलेलं कोरं आंतरदेशीय पत्र त्यांनी बॉनेटवर पसरलं आणि एका दमात लिहून काढलं: ‘शांताक्का, पत्र पोचलं. माझी गाडी तुमच्या अंगणात उभी आहे. गुंडाप्पाच्या गाडीला काय लागेल ते काढून घ्या.’

“कुणाला लिवताय?”

“तुम्हाला.”

“अवो, मग हातात द्या की! मी हितंच बसलेय न्हवं!”

हिंमतराव कानापर्यंत लाल झाले. “पत्राचं उत्तर पोस्टानंच जावं,” असं पुटपुटले, आणि पत्र पेटीत टाकलं.