सोवळ्यातलं पिंप

"आजपासून ह्या पाण्याला कोणाचा बाप हात लावणार नाही!"

ढुंढिराजने वीस लिटरच्या स्टीलच्या पिंपावर पांढरं फडकं बांधलं, वर तुळशीचं पान ठेवलं आणि मिशीवरून हात फिरवला. बावन्न वर्षांच्या आयुष्यात आपल्याला एवढी नामी युक्ती कधी सुचली नव्हती, असं त्याला मनापासून वाटत होतं. तेवढं मात्र खरं होतं!

पिंपात होतं माशांचं पाणी. ढुंढिराज दिवसा रेल्वेच्या ऑफिसात फायली पुढे सरकवतो आणि उरलेला वेळ बालाजी घाटामागच्या आपल्या घरात मासे पाळतो. साधेसुधे नव्हेत हं! बुटक्या सिक्लिडची जोडी आहे त्याच्याकडे, 'अपिस्टो' म्हणतात त्यांना. लांबी बोटभर, पण तोरा लग्नात मानपान चुकलेल्या व्याह्यांचा! ह्यांची अंडी फुटायला पाणी हवं पावसासारखं मऊ आणि किंचित आंबट. आणि बनारसचं बोअरिंगचं पाणी इतकं जड, की आठवड्याभरात किटलीत पांढरा थर बसतो. त्या पाण्यात दोनदा अंडी घातली गेली आणि दोन्ही वेळा पांढरी पडून कुजली.

ऑफिसातले पांडेजी तोंडावर म्हणाले, "पंडितजी, ई मछली बनारस में बच्चा नहीं देगी. लिख लीजिए!"

ते तर लागलंच. पण त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. अंडी मेली तरी मादी टाकीतल्या करवंटीत बसून त्यांना पंखांनी वारा घालत होती, दोन दिवस! ढुंढिराजला त्या दिवशी घास गेला नाही. तेव्हाच त्याने ठरवलं, आता हिची पिल्लं बघितल्याशिवाय राहायचं नाही.

कृती तशी सोपी. स्वयंपाकघरातल्या आरओ फिल्टरचं पाणी घ्यायचं, त्यात जंगली बदामाची वाळकी पानं टाकायची आणि झाकून तीन आठवडे मुरवायचं. पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी होतं, पीएच साडेपाचावर उतरतो, झालं! पण ह्या घरात तीन आठवडे काही झाकलेलं राहील तर शपथ. पहिल्या वेळी बायकोने, लतिकाने, त्यात छोले भिजवले. दुसऱ्या वेळी सीताआत्याने झाकण उघडलं, "शी! कसली ही घाण!" म्हणाली आणि सगळं मोरीत ओतलं.

सीताआत्या म्हणजे ढुंढिराजच्या वडिलांची बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अठ्ठावीसचा आणि सोवळं असं कडक, की गल्लीतली माकडंसुद्धा तिच्या वाळत घातलेल्या लुगड्याला वळसा घालून जातात. त्यावरूनच ढुंढिराजला युक्ती सुचली. ह्या घरात एकाच गोष्टीला कोणी हात लावत नाही, सोवळ्याला!

"आत्या, हे पाणी सोवळ्यातलं आहे. माझं अनुष्ठान चाललंय."

आत्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "ढुंढ्या, तू? अनुष्ठान? रविवारी दहा वाजता उठणारा तू!"

"बाबा, आप फँसोगे," मुलगी मैत्रेयी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली.

आणि दुसऱ्याच दिवशी बाबा फँसले. पाण्याचा पीएच बघायला ढुंढिराज कागदाची पट्टी घेऊन पिंपाकडे निघाला, तर मागून गर्जना झाली.

"थांब! पारोशाने शिवतोस? आधी आंघोळ!"

"अगं, सकाळी केली की."

"नंतर ऑफिसात जाऊन आलास ना? पुन्हा कर. गार पाण्याने! आणि तुझा तो लग्नातला रेशमी कद नेस."

लग्नातल्या कदाचे लतिकाने उशीचे अभ्रे शिवले होते. म्हणजे राहिला एकच मार्ग, ओलेत्याने यायचं! कार्तिकी पौर्णिमेची देव दिवाळी होऊन आठवडा उलटलेला, गंगेवरून वारा सुटलेला, आणि हे गृहस्थ ओल्या धोतरात कुडकुडत पिंपात पट्टी बुडवतायत. सहा पॉइंट आठ. दुसऱ्या दिवशी पुन्हा आंघोळ. सहा पॉइंट पाच. पीएच उतरत गेला आणि ढुंढिराजच्या शिंका चढत गेल्या.

पाचव्या दिवशी आत्याने माळ्यावरून तांब्याचा हंडा काढला. "स्टीलमध्ये कसलं रे सोवळं? ओत ह्यात!"

ढुंढिराज पिंपाला आडवाच झाला. तांबं म्हणजे माशांना विष! "नको, नको! ह्याला तांबं वर्ज्य आहे. गुरूंनीच सांगितलंय!"

"कोणत्या गुरूंनी?"

आत्याने संध्याकाळीच दिनानाथ गुरुजींना बोलावलं. गुरुजींनी पिंपात डोकावून बघितलं, वास घेतला आणि चष्मा सावरला.

"ढुंढिराजपंत, तांबं वर्ज्य म्हणजे विधी विशेष दिसतो. देवता कोणती?"

ढुंढिराजने वर बघितलं, खाली बघितलं, शेवटी नजर गेली ती टाकीकडे. "म... मत्स्यावतार!"

"वा!" गुरुजी उडालेच. "अहो, आणि मार्गशीर्षातली मत्स्य द्वादशी अठरा दिवसांवर आली की! त्याच दिवशी उद्यापन करू. पन्नास पानं, आणि सगळ्यांना तीर्थ!"

"तीर्थ कशाचं?" ढुंढिराजने क्षीण आवाजात विचारलं.

"म्हणजे? ह्याच पाण्याचं!"

द्वादशीला घर फुलून गेलं. सकाळी पट्टी बरोब्बर साडेपाच दाखवत होती. टाकीत मादी हळदीच्या नवरीसारखी पिवळी होऊन करवंटी साफ करत होती. आज नाही तर कधीच नाही! आणि इथे ढुंढिराज ओलेत्याने पिंपापाशी बसून ते पाणी पळीपळीने लोकांच्या हातावर घालत होता. घालत कसला, थेंब चाटवत होता.

"हात आखडता घेऊ नकोस रे!" आत्या ओरडली. "सढळ घाल!"

"चव औषधी आहे हो," कोणीतरी म्हणालं. झालं! माणसं दुसऱ्यांदा रांगेत उभी राहिली. आपल्या सुनेचा खोकला, शेजारच्याचा गुडघा, सगळ्यांसाठी बाटल्या भरल्या जाऊ लागल्या. शेजारचे बिंदुमाधव वैद्य तर पाच लिटरचा कॅनच घेऊन आले आणि त्यांनी तो सरळ पिंपात बुडवला. बुडबुड असा आवाज आला आणि ढुंढिराजचा धीर सुटला.

"ठेवा तो कॅन!" तो ताडकन उठला. "अनुष्ठान नाही, काही नाही! हे पाणी माझ्या माशांसाठी आहे. दोनदा तिची अंडी मेली. मला तिची पिल्लं बघायचीत हो!"

लतिकाने कपाळावर हात मारला. गुरुजींनी हातातलं तीर्थ प्यावं की टाकावं ह्या विचारात तसंच धरून ठेवलं.

आत्या हळूहळू पुढे आली.

"मग ओरडतोस कशाला, मेल्या? मत्स्यावताराचं पाणी माशांनी नाही तर काय उंदरांनी प्यायचं? बिंदुमाधव, दे तो कॅन इकडे!"

आणि आत्याने टाकीसमोर पाट मांडला. माशांच्या पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे, की पाणी एकदम बदलू नये, थोडं थोडं घालावं. आत्याने पुस्तक बघितलंसुद्धा नव्हतं. ती एकेका नामाला एक पळी घालत राहिली, विष्णुसहस्रनाम संपेपर्यंत! ढुंढिराज बाजूने टाकीतलं जुनं पाणी काढत होता आणि त्याला रडू येत होतं.

तिसऱ्या दिवशी अंडी दिसली. ह्या वेळी पांढरी पडली नाहीत. दहा-बारा दिवसांत साठ-सत्तर पिल्लं आईमागे पोहायला लागली, रव्याएवढी! पांडेजी येऊन काचेला नाक लावून गेले. "मान गए, पंडितजी!" म्हणाले. ढुंढिराजची छाती इतकी फुगली, की स्वेटरची दोन बटणं तुटली.

तो डबी उघडून पिल्लांना खाणं घालायला निघाला, तर मागून गर्जना झाली.

"थांब! टाकी आता सोवळ्यात आहे. आधी आंघोळ!"

पिल्लांना दिवसातून पाच वेळा खाणं लागतं. पौष लागलाय, समोरचा घाट धुक्यात दिसत नाही. ढुंढिराज पाच वेळा गार पाणी अंगावर घेतो, पाच वेळा ओलेत्याने टाकीपुढे उभा राहतो. टाकीत हीटर आहे. पाणी कायम सत्तावीस डिग्री. खाणं घालता घालता तो हळूच मनगटापर्यंत हात आत घालतो आणि आत्या हाक मारेपर्यंत बाहेर काढत नाही.