सहा नानेट्या आणि एक आफ्रिकन

सन १९६१ च्या उन्हाळ्यात मोंबासाहून परतलेल्या एका व्यापाऱ्याने अकोल्याच्या 'वऱ्हाड प्राणिसंग्रह मंडळा'ला एक आफ्रिकन साप भेट दिला. अंग कानशीसारखे खरबरीत, स्वभाव गरीब, विष नाही. त्याच्यासाठी जुन्या शहरातल्या डोमाजीला रक्षक नेमण्यात आले. आदेशात अट होती: साप वर्षभर जगल्यास नोकरी कायम, न जगल्यास त्याच दिवशी समाप्त. डोमाजीच्या घराण्यातली ही पहिलीच पगाराची नोकरी होती.

साप दुधाला तोंड लावीना, उंदराकडे बघेना. तो फक्त साप आणि पाली खाणारा निघाला. व्यवस्थापक रामरावसाहेबांनी 'साप' या खाद्याला मंजुरी मागितली. ती येईपर्यंत डोमाजी घरच्या पाली धरून नेई, आणि पाली पळू नयेत म्हणून त्याच्या बायकोने, सुंदराबाईने, भिंती झाडणे बंद केले.

दोन महिन्यांनी मंजुरी आली. बाळापूरकडच्या नाल्यातून सहा नानेट्या, म्हणजे वावरात निघणारे साधे बिनविषारी साप, धरून आणल्या. पण आवारात येणारा प्रत्येक जिवंत प्राणी नोंदवहीत चढवावा, असा नियम चौदा होता, आणि नोंदलेल्या प्राण्यास पिंजरा, खाद्य व रक्षक द्यावा, असा नियम पंधरा. रामरावसाहेब नियमाबाहेर पाऊल टाकणारे नव्हते. नानेट्यांना पिंजरे मिळाले, बेडूक मिळाले आणि सहा रक्षक मिळाले. त्यांतले दोघे साहेबांचे भाचे, तिघे अध्यक्षांचे नातलग. सहावा गुणवत्तेवर आला होता. तो कसा आला, याची चौकशी चालू आहे.

"साहेब, एक नानेटी द्या न मले," डोमाजी म्हणाला. "घरच्या पाली सरल्या. साप दोन हप्त्यापासून उपाशी आहे."

"नोंदलेला प्राणी मेला तं पंचनामा लागते. प्रेत लागते. ते कुठून आणशीन?"

"ते तं सापाच्या पोटात राहीन, साहेब."

"मंग? अन् नानेटी गेली का तिच्या रक्षकाची नोकरी गेली. त्याले बी पोट आहे, डोमाजी."

"माह्या सापालेही आहे, साहेब."

"त्याच्या पोटाची मंजुरी आली न? मंजुरी आल्यावर तो उपाशी राहीनच कसा?"

डोमाजी शेजाऱ्यांच्या पाली आणू लागला. मंजूर खाद्य उपलब्ध असताना नामंजूर खाद्य दिल्याबद्दल त्याला ताकीद मिळाली. अकराव्या महिन्यात साप मेला. डोमाजी रडला, आणि त्यातले निम्मे रडणे नोकरीसाठी होते, हे त्याने सुंदराबाईपाशी कबूलही केले.

तेव्हा मंडळाच्या लक्षात आले की, खाणाराच नोंदवहीतून गेला तर सहा नानेट्या कशासाठी, आणि सहा रक्षक तरी कशासाठी? म्हणून आफ्रिकन साप मेला नाही, असे ठरले. त्यातल्या त्यात जाड नानेटी त्याच्या पिंजऱ्यात सोडण्यात आली; नोंदवहीत मात्र ती आपल्याच पिंजऱ्यात, आपल्याच रक्षकाकडे राहिली. पाटी तीच राहिली. वर्ष भरले आणि डोमाजी कायम झाला.

त्याला ते लागून राहिले होते. कोणी विचारले की खरे सांगून टाकायचे, मग नोकरी जावो, असे त्याने मनाशी पक्के केले होते. मागल्या रविवारी तुम्ही सहकुटुंब आलात. तुमची मुलगी म्हणाली, "बाबा, हे तं नानेटी आहे. आपल्या वावरात निंगते."

डोमाजीने तोंड उघडले होते.

"पाटी वाचता येत नाही का तुले?" तुम्ही तिला दटावलेत. "आफ्रिकेचा आहे तो."

एवढा शिकलेला माणूस सांगतो म्हटल्यावर डोमाजीने तोंड मिटले आणि खांद्यावरच्या फडक्याने पाटी पुसून घेतली.