आईची भाजणी बी.व्ही.

"भांडण? आमच्या कंपनीत? अगं, भांडायला दोन माणसं लागतात. अश्वजित आणि मी म्हणजे एकच माणूस!"

हे वाक्य संजीवने जून २०२० मध्ये, हॉलंडमधल्या आइंडहोवनच्या आपल्या स्वयंपाकघरात, हातातलं उलथनं उंचावून उच्चारलं. समोर त्याची बायको संध्या बसली होती. दुर्दैवाने संध्याची नोकरीच कंत्राटं वाचण्याची. माणसं एकमेकांशी कशी बिनसतील याचा दिवसभर विचार करायचा आणि त्यावर कलमं लिहायची, हा तिचा पोटापाण्याचा धंदा. दोन माणसं एकच आहेत असं कुणी म्हटलं की तिची डावी भुवई आपोआप वर जायची.

"करार करा," ती म्हणाली. "बी.व्ही. काढताय, म्हणजे खासगी मर्यादित कंपनी. निम्मे शेअर तुझे, निम्मे त्याचे. दोघंही डायरेक्टर, प्रत्येक गोष्टीला दोघांचीही सही. उद्या एकाने हो म्हटलं आणि दुसऱ्याने नाही, तर पुढे काय, हे आत्ताच कागदावर घ्या."

"आपल्यात कसला कागद? त्याला वाईट वाटेल गं!"

"नोटरीबाई काय म्हणाल्या?"

"त्याही हेच म्हणाल्या. मी म्हटलं, आम्ही भावासारखे आहोत. तर म्हणतात, भावासारखे असाल तर आजच करा!"

संजीव पोट धरधरून हसला. संध्या हसली नाही.

आता अश्वजितबद्दल सांगायला हवं. हा नागपूरचा, संजीव साताऱ्याचा. दोघंही चिप बनवणाऱ्या यंत्रांचे इंजिनिअर, नऊ वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर. केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतकी चूक त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. पण दोघंही कमालीचे भिडस्त! कॅन्टीनमध्ये शेवटचं क्रोकेट, म्हणजे तिथलं तळलेलं कटलेट, उरलं की "तू घे", "छे छे, तू घे" असं चालायचं. ते पार थंड झालं की एखादा डच सहकारी यायचा, "कुणालाच नकोय ना?" म्हणायचा आणि खाऊन टाकायचा.

मार्चपासून ऑफिस बंद, विमानं बंद, संजीवची साताऱ्याची तिकिटं रद्द. मीटिंगमध्ये साहेब स्क्रीनवर बोलत असायचे आणि संजीवच्या नाकाला आईच्या थालीपिठाचा वास यायचा. अश्वजितचंही तेच. त्या वासातूनच कंपनी निघाली. धान्य गॅरेजमध्ये भाजायचं, गावाबाहेरच्या पवनचक्कीवर दळून घ्यायचं आणि थालीपिठाची भाजणी म्हणून पाकिटांत भरून विकायचं.

द हेगमधल्या एका किराणा दुकानाचे मालक चंद्रहासजी यांनी दिवाळीसाठी दोनशे पाकिटं मागवली. सात नोव्हेंबर, शनिवार, सकाळी दहाला माल हजर. अट एकच.

"लेबल एक, माँ एक! दो-दो माँ देखके कस्टमर गड़बड़ा जाता है।"

कारण लेबलावर मोठ्या अक्षरांत 'आईची भाजणी' असं होतं आणि वर फोटोसाठी एक लंबगोल. ज्या आईचा फोटो, तिचीच भाजणी. साताऱ्याच्या भाजणीत बाजरी जास्त, नागपूरच्या भाजणीत ज्वारी जास्त आणि ओव्याचा सढळ हात. तर कंपनीपुढचा पहिलाच प्रश्न असा, की आई कुणाची?

संजीवला स्वतःची आई हवी होती. हवी होती म्हणजे किती हवी होती! फोटोसुद्धा त्याने निवडून ठेवला होता, जांभळ्या नारायणपेठीतला. आईने साताऱ्यात सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं की मी आता हॉलंडात छापून येणार. दीड वर्ष त्याने आईला पाहिलं ते फोनवर, आणि फोन धरायची तिची पद्धत अशी की निम्मा वेळ नुसतं कपाळ आणि वर फिरणारा पंखा. निदान दुकानाच्या फळीवर तरी ती आपल्याला अख्खी दिसावी, असं त्याला अगदी आतून वाटत होतं. पण हे अश्वजितला तोंडावर सांगायचं कसं? त्यालाही आई होतीच की!

कंपनीची पहिली सभा संजीवच्या मागच्या अंगणात भरली. दीड मीटर अंतरावर दोन खुर्च्या, दोघांच्या अंगात जाडजूड जाकिटं. कार्यवृत्त लिहायला संध्या खिडकीत.

"मी ठराव मांडतो," संजीव म्हणाला, "की तुझ्या आईची भाजणी घ्यावी."

त्याचा बेत पक्का होता. आता अश्वजित म्हणेल, छे छे, तुझ्या आईची. आपण दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा, आता एवढा आग्रहच आहे तर, असं म्हणून हो म्हणायचं. पंगतीत जिलबी घेतात तसं! अडचण एवढीच, की अश्वजितही घरून हाच बेत करून आला होता.

"छे छे! तुझ्या आईची."

"नाही रे, तुझ्या आईची."

"अरे, तुझ्याच आईची!"

असं अकरा वेळा झालं. बाराव्यांदा शेजारच्या डच आजोबांनी कुंपणावरून डोकावून सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

"एक मत सातारा, एक मत नागपूर," संध्याने खिडकीतून जाहीर केलं. "समसमान. ठराव फेटाळला. तुमच्या नियमावलीप्रमाणे कंपनीला सध्या आईच नाही!"

"बरं, एवढं म्हणतोयस तर माझ्या आईची," संजीव म्हणाला. मनात लाडू फुटत होते.

"बरं बाबा, मग माझ्या आईची," अश्वजितही नेमका त्याच क्षणी म्हणाला.

पुन्हा एक-एक! दोघं इतके ओशाळले, की एकमेकांची माफी मागून दोघांनी तिथल्या तिथे मतं फिरवली. पुन्हा एक-एक!

"आयांनाच विचारू या," अश्वजित घाम पुसत म्हणाला. नोव्हेंबर महिन्यात, हॉलंडमध्ये, घाम!

व्हिडिओ कॉल लागला. एका चौकटीत संजीवच्या आईचं कपाळ आणि पंखा, दुसऱ्या चौकटीत अश्वजितच्या आई, सुमतीबाई.

"अहो ताई, तुमचीच घेऊ दे पोरांना," साताऱ्याहून आवाज आला. "नागपूरची चव काही औरच!"

"अवो नाही नं ताई!" सुमतीबाई म्हणाल्या. "तुमच्या हाताची सर आमच्या हाताले कुठची!"

हे पाऊण तास चाललं. शेवटी दोघींनी एकमेकींना माहेरपणाला बोलावलं आणि प्रश्न होता तिथेच राहिला. फोन ठेवतो न ठेवतो, तोच संजीवला आईचा वेगळा फोन.

"काय रे, गल्लीत काय तोंड दाखवू मी?"

"अगं, तूच म्हणालीस ना, त्यांची घ्या म्हणून!"

"म्हणायचं असतं तसं! खरं करायचं नसतं! एवढा शिकलास, हेही कळत नाही?"

पुढे कळलं की त्याच वेळी अश्वजितलाही फोन आला होता. "काहून रे बापा, तोंडानं म्हटलं म्हणून का देऊनच टाकतं?"

बुधवारी सकाळी चक्कीवाले पीट यांचा निरोप आला. उद्या गुरुवारी वारा आहे, नंतर आठवडाभर नाही. माझ्याकडे दोन पोती येऊन पडलीत, कोणतं दळू? दोन पोती पडली होती, कारण भिडेखातर संजीवने नागपूरचं धान्य भाजून पाठवलं होतं आणि भिडेखातर अश्वजितने साताऱ्याचं. संजीवने लगेच अश्वजितला फोन लावला.

"हे बघ, मी नमतं घेतो."

"तू का म्हणून? मी घेतो!"

"मी आधी घेतलंय!"

"दरवेळी मोठेपणा तुलाच पाहिजे! नऊ वर्षं बघतोय मी. एकदा तरी मला नमतं घेऊ दे नं!"

"तूच घे मग! तुझंच खरं!"

खाडकन फोन बंद. नऊ वर्षांतलं पहिलं भांडण, आणि तेही हार कुणी मानायची यावरून! संजीवला फार वाईट वाटलं. त्या दिवसांत घरी दोनच पाहुणे बोलवायची सरकारी मुभा होती आणि त्याच्या घरचे ते दोन पाहुणे म्हणजे अश्वजित आणि त्याची बायको निशिगंधा. ते यायचे बंद झाले तर बोलायचं कुणाशी? शेजारच्या आजोबांशी? आईचा फोटो, गल्लीतली शान, सगळ्यावर त्याने मनातल्या मनात पाणी सोडलं आणि पीटना परस्पर मेल केली, 'नागपूरचं दळा.'

दहा मिनिटांनी अश्वजितने पीटना परस्पर मेल केली, 'साताऱ्याचं दळा.'

पीट सरळ माणूस. दोन मालक, दोघांचा वाटा निम्मा-निम्मा, दोघांचे हुकूम वेगळे. त्यांनी दोन्ही पोत्यांतलं निम्मं-निम्मं धान्य घेतलं, एकत्र केलं, दळलं आणि दोन्ही हुकूम पाळल्याच्या समाधानात कॉफी प्यायले.

शनिवारी संजीव एका ट्रामने दुकानात पोचला आणि अश्वजित दुसऱ्या. मास्क लावून एक तांदळाच्या पोत्यांपाशी उभा, दुसरा लोणच्यांपाशी. बोलणं बंद. पीटनी भरून पाठवलेले खोके आलेच होते. चंद्रहासजींनी एक फोडला, पाकीट उजेडात धरलं आणि विचारलं,

"ये किसकी माँ है?"

लंबगोलात एक गोऱ्यापान, गुबगुबीत डच आजीबाई हसत होत्या. डोक्याला जाळीदार टोपी, हातात लाटणं. खाली लिहिलेलं, 'आईची भाजणी'!

झालं होतं असं, की लेबल छापणाऱ्याकडेही दोघांची एकत्र मंजुरी गेलीच नव्हती. मुदत संपल्यावर त्याने नमुन्यासाठी टाकलेला फोटो तसाच छापून थेट चक्कीवर पाठवून दिला होता.

"तुझी नाही ना?" संजीवने लोणच्यांच्या दिशेने विचारलं.

"नाही बा," अश्वजित म्हणाला. "मले वाटलं तुझी."

मग जे हसू फुटलं! चष्म्यांवर वाफ धरली, अश्वजित लोणच्याच्या बरण्यांवर पडता पडता वाचला, मास्क ओला झाला. दुपारपर्यंत लेबलाचा फोटो साताऱ्याला आणि नागपूरला पोचला आणि दोन्ही आया आयुष्यात पहिल्यांदा मनापासून एक झाल्या.

"कोण रे ही बया?" आई कडाडली. "गल्ली विचारते, संजीवने दुसरी आई केली का?"

कहर म्हणजे माल चार दिवसांत संपला! युट्रेख्टच्या एका विद्यार्थ्याने एकट्याने सहा पाकिटं नेली. चंद्रहासजींचा फोन आला. अजून तीनशे पाठवा, भाजणी तीच, आणि हो, "माँ भी वही भेजना!"

त्या रविवारी अश्वजित आणि निशिगंधा संजीवकडे आले. दोनच पाहुणे, अगदी नियमाला धरून. गरम थालीपीठ पुढ्यात होतं, त्यावर लोणी विरघळत होतं.

"अश्वजित," संजीव ताटलीकडे बघत म्हणाला, "खरं सांगू? मला माझ्याच आईची भाजणी हवी होती रे. पहिल्यापासून."

अश्वजितचा घास हातातच राहिला. "मलेपण माझ्याच आईची."

"मग एवढे दिवस काय चाललं होतं तुमचं?" निशिगंधाने कपाळाला हात लावला.

"अभिनंदन!" संध्या म्हणाली. "कंपनीत पहिला खरा मतभेद झाला. आता करार करता येईल."

आणि तिने एकोणीस कलमांचा करार टेबलावर ठेवला. पहिलंच कलम असं, की 'तू म्हणशील तसं' हे मत धरलं जाणार नाही. त्यापुढे सगळं रीतसर होतं. समान मतं पडली तर विषम साली संजीवचा निर्णय, सम साली अश्वजितचा. कुणी आजारी पडलं तर, कुणी भारतात परत गेलं तर, घटस्फोट झाला तर, मेलं तर, दिवाळं निघालं तर! दोघांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. दोघांना सगळं मान्य! २०२१ साली साताऱ्याची आई, २०२२ साली नागपूरची. संजीवच्या डोळ्यांत पाणीच आलं. संध्याने टोपण काढून पेन मधोमध ठेवलं.

संजीवने पेन अश्वजितकडे सरकवलं. "कर."

"छे छे," अश्वजितने ते परत सरकवलं. "आधी तू."

"असं कसं? तू पाहुणा आहेस."

"तू मोठा आहेस."

"चारच महिन्यांनी रे! आधी तू."

संध्याने करार ओढून घेतला आणि पहिल्या कलमापासून एकोणिसाव्यापर्यंत पुन्हा एकदा बोट फिरवून पाहिला. मरणावर कलम होतं, दिवाळखोरीवर होतं. आधी सही कुणी करायची, यावर नव्हतं.