गेटवरची कानपरीक्षा

गणपतराव जमादार पाठीमागून येऊन हळूच "धोतर सुटलं" असं पुटपुटला आणि तुमचा हात झटकन कमरेला गेला नाही, तर त्याच्या लेखी तुम्ही बहिरे. मग तुम्ही वकील असा नाहीतर गावचे पाटील. तुमचं धोतर चांगलं कसून नेसलेलं असायचं. सुटलेलं काही असलं तर त्याचं डोकं. पण हे त्याला सांगायचं कुणी?

परतूरला स्टेशनाजवळच्या कापसाच्या जिनात मी वजनकाट्यावर कारकून होतो आणि हे ध्यान गेटवर होतं. निजामाच्या राज्यात जमादार म्हटलं की लोक जरा दबकून असायचे. ह्याला कोण दबणार? अंगानं काडी, वर कुणा धिप्पाड माणसाचा उतरलेला खाकी कोट, आणि डोक्याला रुमाल असा गुंडाळलेला की एक टोक कायम शेंडीसारखं वर उभं. काम काय, तर सकाळी माणसं मोजून आत सोडायची आणि संध्याकाळी बाहेर पडताना झडती घ्यायची, कुणी रुई चोरून तर नेत नाही ना. ह्या कामाला अक्कल लागत नाही, म्हणून तर त्याला ठेवला होता. पण गड्याला नसती हौस. ती हौस म्हणजे दुसऱ्यांचे कान.

आता जिन कधी आतून न पाहिलेल्यांसाठी सांगतो. लांबलचक पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंनी चरक्यांच्या रांगा, प्रत्येक चरकीपुढं एक बाई कापूस घालत बसलेली. सरकी एकीकडं, रुई एकीकडं, आणि मधोमध असा आवाज की शेजारची बाई बाळंत झाली तरी पत्ता लागू नये. इंजिनाची धडधड वेगळी. दसऱ्याला जिन सुरू झालं की शिमग्यापर्यंत हेच. त्यामुळं जिनात काम करणारी माणसं ओरडूनच बोलायची, आणि घरी गेल्यावरही ओरडूनच. जिनवाल्यांच्या वस्तीत नवरा बायकोला काय म्हणाला, हे बाजारातल्या वाण्याला आधी कळायचं. एकदा एका बुवानं बायकोची समजूत काढली, ती अर्ध्या परतूरनं ऐकली आणि दुसऱ्या दिवशी लोक त्याला "काय, हसली का मंग?" असं विचारायला लागले.

अशा ठिकाणी हा गणपतराव कुजबुजायचा. त्याचा आवाज कधी कुणी चढलेला ऐकला नव्हता. रोज सकाळी भोंगा झाला की गेटात उभा राहायचा आणि आत जाणाऱ्या एकेकाच्या मागं मांजरासारखा जाऊन काहीतरी पुटपुटायचा. बाप्यांना धोतराचं. बायांना "पदरावर इच्चू हाय." जो दचकला त्याला "पास!" जो सरळ चालत गेला त्याला "नापास! बिलकुल नापास!" आणि नापास झालेल्याच्या हातात दोन बोळे. कापूस, मेण आणि तिळाचं तेल एकत्र मळून तो हे बोळे घरी करायचा आणि तंबाखूच्या डब्यात भरून आणायचा.

"पास झालेल्याला काय?" मी एकदा विचारलं.

"त्यालाबी बोळे."

"मग परीक्षा कशाला घेता?"

"मालूम नको का, कोन किती गेलंय ते?" तो म्हणाला. "कान काय बाजारात भेटून राह्यले का, कारकूनसाहेब?"

हे त्याचं पालुपद. कशालाही हेच उत्तर. मी पहिल्याच आठवड्यात त्याला बजावलं, की माझ्या मागं यायचं नाही. मी शिकलेला माणूस. माझे कान ठणठणीत आहेत आणि ते असेच राहणार आहेत, तुझ्या तेलकट बोळ्यांची मला गरज नाही. त्यानं मान हलवली आणि काहीतरी पुटपुटला. मी लक्ष दिलं नाही.

लोक बोळ्यांना तयार होते असं समजू नका. साळूबाई म्हणून एक दणकट बाई कोपऱ्यातल्या चरकीवर होती. तिच्या पदरावर गणपतरावानं विंचू सोडला, तर मागून येणारी तिची जाऊ किंचाळून उडाली आणि साळूबाई आपली संथ चालत राहिली. नापास. बोळे हातात पडताच ती उसळली.

"आरं मुडद्या! कानात कापूस मेलेल्या मानसाच्या घालत्यात! मी मेले का?"

झालं. सगळ्या बाया थांबल्या. जित्या माणसाला मढं करून राह्यलाय म्हणून ओरडा सुरू झाला. कुणी बोळे जमिनीवर आपटले, कुणी त्याच्या रुमालावर. दुसरा कुणी असता तर पळाला असता.

"मढ्याला काय ऐकायचं असतंय?" गणपतराव त्याच आवाजात म्हणाला. "त्याच्या कानाला कापूस, आन् जित्याचा कान उघडा! उलटी दुनिया तुमची."

अर्थात हे कुणाला ऐकूच गेलं नाही. मी जवळ होतो म्हणून मला गेलं. पण गेट त्याच्या हातात होतं. बोळे घातल्याशिवाय तो आत सोडेना, आणि उशीर झाला की अर्धा रोज कापला जायचा. मग बायांनी शिव्या देत बोळे घातले, आत जाऊन काढून टाकले. तर ह्या बहाद्दरानं संध्याकाळची झडती डबल केली! कमरेला रुई सापडली तरी नापास, आणि कानात रुई सापडली नाही तरी नापास. अशी झडती साऱ्या हैदराबाद संस्थानात दुसरीकडं कुठं होत नसेल.

हे जिनाच्या मालकांच्या, म्हणजे शेठजींच्या, कानावर जायला वेळ लागला. त्यांच्या कानावर कुठलीच गोष्ट लवकर जात नसे. पण डोळे शाबूत होते. एका संध्याकाळी ते गेटवर आले, तर प्रत्येकाच्या कानात कापूस. मंठ्याकडून आलेल्या कापसाच्या गाड्या काट्यापुढं लागल्या होत्या, गाडीवान तमाशा बघायला जमले.

"ही रुई कुणाची?" शेठजी कडाडले.

"तुमचीच," गणपतराव म्हणाला.

"काय?"

मुकादम मध्ये पडला आणि ओरडला, "तुमचीच म्हनतो!"

"म्हंजे चोरी! झडतीवर ठेवला, तर हाच माझी रुई लोकांच्या कानांतून बाहेर काढतो! कशाचे कान? वीस वर्षं जिन चालवतो, माझे कान गेले का?"

एवढं बोलून शेठजींनी पाठ फिरवली. मी काट्याजवळ उभा होतो. मला वाटलं, मिटलं. पण गणपतराव शेठजींच्या मागं गेला. परीक्षा घ्यायला! धोतराचं तरी म्हणायचं! तर हा शहाणा म्हणतो, "शेठजी, तुमच्या काट्यात खोट हाय."

गाडीवानांनी ऐकलं. मी ऐकलं, आणि काटा माझ्या हातात होता. बैलांनीसुद्धा ऐकलं असेल. शेठजी सुपारी चघळत उभे. गणपतरावानं पुन्हा म्हटलं. शेठजी ढिम्म.

"नापास," असं म्हणून त्यानं पुढं जाऊन शेठजींच्या हातात दोन बोळे ठेवले.

गाडीवान खो खो हसायला लागले. शेठजींनी मुकादमाला विचारलं, हा काय म्हणाला? मुकादम बिचारा अडकला. त्यांना ऐकू जायचं तर ओरडणं भाग होतं. त्यानं बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं, "शेठजी! तो म्हनला, तुमच्या काट्यात खोट हाय!" ज्या दोघाचौघांना आधी ऐकू गेलं नव्हतं, त्यांनाही गेलं.

हुकूम तिथल्या तिथं सुटला. हात जोडून माफी माग, सगळे बोळे इंजिनाच्या भट्टीत टाक, नाहीतर उद्यापासून गेटात पाय ठेवू नको.

"माफी मागतो," गणपतरावानं हात जोडले. "बोळे टाकनार न्हाई." आणि डबा कोटाच्या खिशात घालून चालू लागला.

मूर्ख माणूस! पगार तो काय, आणि त्यावर पाणी सोडायचं ते बोळ्यांसाठी? ज्यांच्यासाठी, त्या बायांनी दुसऱ्या दिवशी गेटवर बोळे थुंकीसारखे टाकून दिले आणि उघड्या कानांनी हसत आत गेल्या. संध्याकाळी झडतीला कुणी नव्हतं. सगळ्यांचे पदर फुगलेले. शेठजींनी ते पाहिलं आणि मला बोलावून बजावलं, "त्या येड्याला जाऊन सांगा. बोळे भट्टीत टाकत असशील तर उद्या सकाळी ये, न्हाईतर दुसरा जमादार ठेवतो."

म्हणून मी दिवेलागणीला गणपतरावाच्या घरी गेलो. जिनाच्या मागं खोल्यांची रांग होती, त्यात शेवटची त्याची. ह्या माणसाला बायको आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. दार उघडंच होतं. चुलीपुढं भिंतीकडं तोंड करून बाई भाकरी थापत बसली होती. कंदील तिच्या उजव्या हाताला कोनाड्यात होता. गणपतरावाचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. त्यानं कंदील उचलला, पाठीमागच्या खुंटीला अडकवला, वात जरा मोठी केली. कंदील तिथं नीट बसेना, तर हातानं धरून सरळ केला. मग तो बायकोच्या मागं जाऊन उभा राहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "यमुना."

मी उंबऱ्यावरच थबकलो. आमच्याकडं बायकोचं नाव कोण घेतं? लग्नात उखाण्याला घ्यायचं, त्यानंतर जन्मभर "अगं ए." आणि हा गेटवरचा विदूषक भर सांजेला बायकोला नावानं हाक मारत होता.

ती वळली नाही. तिला काही ऐकू आलेलंच नव्हतं. तिच्या समोरच्या भिंतीवर त्याची सावली पडली होती, रुमालाचं उभं टोक धरून अख्खी. भाकरी तव्यावर टाकताना तिची मान वर झाली, सावली दिसली, आणि ती हसून वळली.

"आलं! आलं ऐकू!" ती एवढ्यानं ओरडली की रांगेतल्या पहिल्या खोलीला कळावं.

"पास!" गणपतरावानं ओठ मोठे हलवून, हात वर करून सांगितलं. बाई खूश होऊन पुन्हा भाकरीकडं वळली.

मग त्याला मी दिसलो. लाजला. बाहेर येऊन ओट्यावर बसला. मी निरोप दिला.

"लगीन झाल्यावर हिला मीच जिनात आनल्ती," तो म्हणाला. "चांगली चालली व्हती बघा चरकीवर. मंग मागून हाक मारली की वळायची न्हाई. मला वाटायचं, रुसली. म्या बी अबोला धरला. कैक दिस धरला. दोघं एका घरात, आन् एक शब्द न्हाई. मला काय मालूम, तिला ऐकू येऊनच न्हाई राह्यलं!" त्यानं डोळे कोटाच्या बाहीनं पुसले. "शेठजींना म्हनावं, दुसरा जमादार ठेवा. बोळे भट्टीत जानार न्हाईत."

मला राग आला. त्या क्षणी कुणाकुणाचा आला, ते नीट सांगता येत नाही. शेठजींचा आला, एवढं नक्की. आणि ह्या मूर्खाचाही आला, की नोकरी गेल्यावर हा त्या बाईला काय खाऊ घालणार होता? "उद्या भोंग्याला गेटवर हजर राहा," मी त्याला खडसावून सांगितलं. "बाकी मी बघतो."

सकाळी मी शेठजींच्या पेढीवर गेलो. शेठजी पाठमोरे बसून सुपारी कातरत होते. मुकादम अजून यायचा होता. मी त्यांच्या मागं उभा राहिलो आणि गणपतरावाच्याच आवाजात म्हणालो, "शेठजी, जमादार कामावर येतोय. बोळे तसेच राहतील. आपली हरकत असली तर आत्ताच सांगावी."

शेठजींनी सुपारी कातरली. हरकत घेतली नाही.

नंतर त्यांनी गेटवर गणपतरावाला पाहिलं, "आला का ताळ्यावर?" असं मला विचारलं आणि मी मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांचा बंदोबस्त गणपतरावानं केला. बाप्यांना कानावरून फडकी बांधायला लावली, बायांना पदर. साळूबाईनं शिव्या घातल्या आणि बोळेही घातले.

दोन-तीन दिवसांनी मी सकाळी गेटातून आत शिरत होतो. ऊन पाठीशी होतं. समोरच्या गोदामाच्या मिटल्या दारावर माझी सावली, आणि तिच्या खांद्यामागं अचानक रुमालाचं एक उभं टोक. मी झटकन वळलो आणि हसून म्हणालो, "आलं ऐकू!"

गणपतरावानं आधी दाराकडं पाहिलं. मग माझ्याकडं. डबा उघडून माझ्या हातात दोन बोळे ठेवले.

"बिलकुल नापास."

"अहो, पण घरी तर चालतं तुम्हाला!" मी म्हणालो.

तो काहीतरी पुटपुटला. त्याचे ओठ हललेले मला दिसले, एवढंच. मग तो अगदी जवळ आला आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून म्हणाला, "ते घरचं!"

मी बोळे कानात घातले आणि काट्यावर गेलो.